तो सिनेमा बघायला जाऊ नकोस

हेलिओपोलिस, कैरो
सोमवार

प्रिय थोरल्या बहिणाबाई, तेरेझ आब्ला,

तुझे गुडघे कसे आहेत? समुद्राच्या दमट हवेत जास्तच कुरकुरत असतील. चर्चमध्ये तुझ्या नावाने मेणबत्ती लावली आहे (लहान लावली, गुडघ्यांना तेवढी पुरे). मी ठीक आहे, फक्त शनिवारपासून एका जागी बसवत नाही.

मुद्दा एवढाच, की येत्या शुक्रवारी तुमच्या अलेक्झांड्रियात एक माहितीपट दाखवणार आहेत. तो बघायला जाऊ नकोस. खुर्च्या लाकडी आहेत म्हणे. तरी तू कारण विचारशीलच, तर ऐक.

आपली यूस्तिना (माझी धाकटी नात, दातांना तार लावलेली) मागच्या वर्षी चाहत्यांच्या मेळाव्याला गेली. चित्रकथांतल्या आणि खेळांतल्या पात्रांचे कपडे घालून हजारो पोरं एका मंडपात फिरतात, त्याला मेळावा म्हणायचं. ही कुठलीशी तलवारवाली राणी झाली होती, आणि राणीचा झगा म्हणजे माझ्या बैठकीच्या खोलीतला जांभळा पडदा! विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. मग पडद्याची राखण करायला मीही गेले.

आब्ला, तिथे कोणी शिवत नाही, चिकटवतात! गरम डिंकाने! एका हिरव्या तोंडाच्या राक्षसाची बाही माझ्या डोळ्यांदेखत गळून पडली. मी पर्समधून सुई काढली आणि त्याला म्हटलं, "ये इकडे, नीट उभा राहा, आणि गुरगुरू नकोस." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं बायकांना शिस्त लावली, राक्षसाचं काय घेऊन बसलीस? तर त्याच्यामागे रांगच लागली. पंख, शेपट्या, एका योद्ध्याचा तर पार्श्वभाग. "तेता, माझं पण! तेता, जरा घट्ट!" असा सगळ्यांचा गिल्ला. जगाची आजी झाले मी. (थांब, चहा उकळला. आले. केला, पण प्यावासा वाटत नाही.)

तेवढ्यात शाहीनाझ नावाची किडकिडीत मुलगी कॅमेरा घेऊन आली. माणसं एखाद्या गोष्टीवर इतका जीव का टाकतात, यावर ती माहितीपट करत होती.

"तेता, तुम्ही कोणाच्या चाहत्या?"

"कोणाची नाही. मला कामं असतात."

"मग इतकं बारीक शिवणं कुठे शिकलात?"

इथे माझं चुकलं. मी आपल्या शाळेतल्या, शिवण शिकवणाऱ्या सिस्टर क्लेमांसचं नाव काढलं आणि वीस मिनिटं थांबलेच नाही. उलटी टीप, बोटांवर बसणारी पट्टी, बासष्ट सालचं पहिलं बक्षीस, सगळं. शेवटी पर्समधला काठावर जाई भरलेला रुमालही काढून दाखवला. शाहीनाझचे डोळे भरून आले. आता चित्रपटाचा शेवट म्हणे त्या रुमालावरच होतो, पडदाभर. शनिवारी तिनेच फोन करून सांगितलं.

पाहिलंस ना, कशी वेळखाऊ गोष्ट आहे ती. तेव्हा शुक्रवारी घरीच राहा. भाचरांना माझे आशीर्वाद.

तुझी,
ओडेट

ता. क. तो रुमाल तुझा आहे. गालगुंडं होऊन तू घरी होतीस. बक्षिसासाठी सिस्टरने टेबलावरून तो उचलला, "हा कोणाचा?" म्हणून विचारलं आणि माझा हात वर गेला. खाली आणायला एकसष्ट वर्षं लागली. कॅमेऱ्यासमोरही मी म्हणाले, "हा मी भरला." आता सिनेमाचा पडदा अख्खा तुझ्या जाईने भरणार, आणि तुझे डोळे अजून चांगले आहेत, हीच पंचाईत.

ता. क. २. वरचं लिहून झाल्यावर शाहीनाझला फोन केला, खरं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. ती आनंदाने किंचाळली. शेवट नव्याने करायचाय म्हणे. बुधवारी कॅमेरा घेऊन तुझ्याकडे येतेय, मीही येतेय. केस रंगवून ठेव. मला जे काही सुनवायचंय ते कॅमेऱ्यासमोर सुनव, पण एकदाच सुनव.

ता. क. ३. रुमाल या पाकिटात घालणार होते. घातला, काढला, परत घातला, काढला. तो पर्समध्येच राहू दे. एकसष्ट वर्षांत एकही दिवस त्याच्याशिवाय बाहेर पडले नाही. कोणाची चाहती, असं शाहीनाझने पुन्हा विचारलं तेव्हा तुझं नाव सांगितलं. हवेत तरंगू नकोस. उजव्या कोपऱ्यातली एक पाकळी वाकडी आहे.