भागूचा बाप्तिस्मा

जे. पी. नगर, बेंगळुरू
९ जून २०२५

ती. सिसिलिया मावशीस,
सप्रेम नमस्कार. प्रभूची शांती तुझ्या घरी असो.

फोनवर तू कानाचं मशीन लावत नाहीस, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. शुक्रवारी पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. बाळाची कवटीच तयार झालेली नाही. जन्मलं तर तासभर जगेल, फार तर दिवसभर. डॉक्टरीणबाई भल्या आहेत. कायद्याने आत्ता गरोदरपण थांबवता येतं, उशीर करू नका, म्हणाल्या.

मला थांबवायचं नाही. नागराजला थांबवायचं आहे. तो म्हणतो, चर्चमधल्या लग्नाआधीच्या वर्गात मुलामुलींना आयुष्याचं मोल शिकवतेस, तोच धडा आता माझ्या घरात गिरवते आहेस. काल वर्गात एका मुलीने विचारलं, मूल जगणारच नसेल तर काय करायचं. दर वेळी कोणीतरी हे विचारतंच आणि माझं उत्तर तयार असतं. काल मात्र पाणी पिऊन खाली बसले.

तू आयुष्यभर बाळंतपणं केलीस. मी हट्ट करतेय का, ते स्पष्ट सांग.

तुझ्या मायेची आत्ता फार गरज आहे.
तुझी,
प्रणिता


खानापूर
१६ जून २०२५

चि. सौ. प्रणितास,
अनेक आशीर्वाद.

मशीनबद्दलचा टोमणा पोचला. ते कानात खरखरतं, तुलाही लावून दाखवीन. पत्र दोनदा वाचलं आणि मग रडले, ते सांगून टाकते.

हट्टी तर तू आहेसच. लहानपणी अंगात ताप असला तरी चर्चमधली मिस्सा चुकवायची नाहीस. पण वर्गात शिकवलं म्हणून आता मागे कसं फिरू, असं वाटत असेल तर आधी तो वर्ग सोड. लोकलाजेवर चार महिने निघत नाहीत. बाळासाठी वाटत असेल तर पुढे जा. तासभराचं माणूसही माणूसच. अशी बाळं मी हातात घेतली आहेत. ऊब कळते त्यांना.

नागराजवर डूख धरू नकोस. त्याचा देव वेगळा असेल, पण मूल त्याचंही आहे, आणि रोज तुझं वाढतं पोट त्यालाही बघायचं आहे. त्याला धर्म पटवत बसू नकोस. त्या दिवशी खोलीत थांब, एवढंच माग. नाही म्हणाला तर पुन्हा मागू नकोस.

जेवत जा. माया आहेच, ती तुला पुरून उरो.
तुझी मावशी,
सिसिलिया


बेंगळुरू
१९ ऑक्टोबर २०२५

ती. मावशींना,
नागराजचा सा. न. वि. वि.

प्रणिता लिहिण्याच्या स्थितीत नाही, म्हणून मी लिहितो. बाळ मंगळवारी आलं आणि मंगळवारीच गेलं. मुलगी होती.

मी खाली पार्किंगमध्ये बसणार होतो. तिने एकदाच मागितलं म्हणून आत गेलो. बाप्तिस्मा द्यायला यायचे ते फादर सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत अडकले. बाळाचा श्वास तुटायला लागला. प्रणिताचं रक्त थांबत नव्हतं, डॉक्टर आणि सिस्टर दोघींचे हात त्यातच होते. सिस्टर मला म्हणाल्या, पाणी तुम्ही घाला. मी ख्रिस्ती नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, अशा वेळी कोणीही घालू शकतं, फक्त चर्चला जे करायचं असतं तेच तुम्ही मनापासून करा.

नाव ठरलेलं नव्हतं. तो विषय निघाला की मी उठून जायचो. तोंडात माझ्या गेलेल्या आईचं नाव आलं, भागू. कपाळ असं नव्हतंच. भुवयांच्या वर ओंजळीतून पाणी सोडलं आणि सिस्टर सांगतील तसं पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणत गेलो. मग ती माझ्याकडेच राहिली. वाटलं होतं त्याहून जड होती. फादर आले तेव्हा गार पडली होती.

बुधवारी दफन केलं. प्रणिताला दूध आलं आहे. ते आटवायला छाती बांधून ठेवली आहे आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. बोलते ते एकच. मी मनापासून म्हटलं होतं का, असं रोज विचारते. मी रोज हो म्हणतो.

मावशी, तुमच्या देवावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पाणी घालताना चर्च माझ्या मनात नव्हतं. प्रणिताला जे हवं ते तिच्या लेकीला मिळावं, एवढंच होतं. एवढं पुरतं का? फादरना विचारायचा धीर होत नाही.

उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, पाकिटावर लिहिला आहे. पुरत नसेल तर तिला कधीच सांगू नका.

आपला लोभ आम्हा दोघांवर असावा.
आपला,
नागराज