काही हरवले नसताना

ऐरोली, मंगळवार

अहो,
साताऱ्याला सप्रेम नमस्कार. फोनवर तुम्ही मला पुरते बोलू देत नाही, म्हणून लिहिते आहे.

काल जाई मोबाइल न बघता जेवली. रडल्यावर हवे ते मिळाले की रडण्याची सवय लागते. मिळेनासे झाले की रडणे आधी वाढते आणि मग थांबते. बीएला शिकलेले मानसशास्त्र शेवटी नातीच्या ताटापाशी कामाला आले.

परवा तिने वरणाची वाटी भिरकावली, तेव्हा वैशाली म्हणाली, "आई, मोबाइल देऊन टाकू दे ना! सोसायटीत तमाशा नको."
"आज दिलास, तर ती वाटी फेकायला शिकेल," मी म्हटले. लेक डोळे पुसत आत गेली, पण मोबाइल दिला नाही.

आता तुमचे. चष्मा कुठे, साखर कुठे, असे दिवसातून चार फोन येतात. मी लगेच सांगते, म्हणून तुम्ही शोधत नाही. ही सवय मीच लावली. उद्यापासून सांगणार नाही. दोन दिवस चिडाल, चालेल. रक्तदाबाची गोळी तेवढी घेता ना?

काही हरवले नसताना मात्र रोज फोन करा. तो मी पहिल्या रिंगला उचलीन.

तुमची,
राजेश्वरी