बेटावरची तांदळाची भाकरी

आबा, काल मी तांदळाचं पीठ आणायला बाजारात गेलो आणि नको ते पीठ घेऊन आलो. तुम्ही असतात तर पाकीट हातात घेतल्याबरोबर ओळखलं असतंत. आम्ही अंदमानात आलोय, एका छोट्या बेटावर, तुमची सून, नात आणि मी. मी शाळेतून निवृत्त झालो म्हणून नातीनेच हे ठरवलं. हॉटेल नको म्हणाली, स्वयंपाकघर असलेलं घर आठ दिवसांसाठी घेतलं. आपणच सामान आणायचं, आपणच शिजवायचं. समुद्र ओलांडून इतक्या लांब यायचं आणि कांदे चिरत बसायचं, ही कसली मौज, असं मला वाटलं होतं. पण इथे लोक हौसेने तसं करतात म्हणे.

बाजार म्हणजे जेट्टीजवळची आठ-दहा दुकानं. भाजी बोटीने येते, आणि बोट चुकली की कांदे-बटाट्यांवर भागवायचं. तुमच्या सुनेला येताना बोट लागली, दोन दिवस तिच्या पोटात काही ठरेना. काल सकाळी म्हणाली, जरा भाकरी मिळाली तर खाईन. पोरीला नूडल्सच्या पुढे काही येत नाही. मग मीच निघालो. दुकानात पाकिटावर तांदळाचं चित्र पाहिलं, उचललं, घरी आणलं. पीठ कितीही मळलं तरी मिळूनच येईना. भाकरी थापायला घेतली की कडा फाटायच्या, तव्यापर्यंत नेताना तिचे तीन तुकडे. आज दुकानातली बाई हसून म्हणाली, "अरे, वो तो पुट्टू का आटा है." केरळातली माणसं वाफवून काहीतरी करतात, त्याचं भाजलेलं रवाळ पीठ. पोलादपूरच्या डोंगरातला माणूस तांदळाचं पीठ दिसलं की भाकरीच समजणार, दुसरं काय. तुम्ही पीठ चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळून बघायचात. मी नुसतं चित्र बघितलं.

तुम्हाला असं पीठ बघताना मी गावात कधी पाहिलं नाही, मुंबईत पाहिलं. सातवीच्या सुट्टीत तुम्ही मला घेऊन गेला होतात. गावच्या माणसांनी मिळून घेतलेली गावकीची ती एक खोली, भिंतीला टांगलेल्या अठरा पिशव्या, अठरा माणसं. कोण गोदीत, कोण गिरणीत. तुमच्या हाताला चव म्हणून सगळ्यांचं रांधायचं काम तुमच्याकडे होतं, आणि बदल्यात पाणी भरणं, झाडलोट तुम्हाला माफ. रविवारी बाजाराला जाताना तुम्ही मला सोबत न्यायचात. तांदळाचा दाणा दाताखाली धरायचा, बोंबलाचा वास घ्यायचा, मग भाव करायचा. त्या खोलीत तुम्ही किती मोकळे दिसायचात. गावी होळीला, गणपतीला आलात की मात्र ओटीवर बसून पानाची वाट बघणार. पाण्याचा तांब्यासुद्धा आई आणून द्यायची. गावातल्या सगळ्याच बाप्यांची ती रीत होती आणि तुम्हीही ती पाळत होतात.

मोडली ती एकदाच. आईला कावीळ झाली, तुम्ही रजा टाकून आलात आणि दुसऱ्या सकाळी चुलीपुढे बसलात. मी दारात उभा राहून बघत होतो. आधणात मीठ, मग पीठ, वर झाकण. गरम उकड परातीत काढून तुम्ही हाताला पाणी लावत मळत होतात, बोटं भाजत असूनही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि निखाऱ्यावर ती टम्म फुगली. तेवढ्यात काकी दही घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "गो बाय, बापूस रांधतोय? घरात काय बाईमाणूस नाय?" तिच्या मागे दोन बायका होत्या, त्या हसल्या. तुम्ही हसून म्हणालात, "मुंबैत अठरा जणांचा रांधतो मी, वैनी. इथं तीन जणांचा काय हाय." आणि मला हाक मारलीत, "ये रे, गरम हाय तवर खा."

मी गेलो नाही. मला तुमची लाज वाटली, आबा. मी काकीच्या मागोमाग तिच्या घरी गेलो आणि तिथे जेवलो, आई बरी होईपर्यंत रोज तिथेच जेवलो. त्यानंतर आई असेपर्यंत गावात तुम्ही चुलीपुढे बसला नाहीत.

आई गेल्यावर तुम्ही गावात एकटे राहिलात. मी महाडला मास्तर, लोक मला ओळखणारे. मास्तरचा बाप हाताने करून खातो, असं कोणी म्हणू नये म्हणून मी पोलादपूरच्या एका खानावळीतून डबा लावला, रोज दुपारी जीपने यायचा. तुम्ही म्हणालात, "मला येतंय रे करायला. डबा नि बिबा कशाला?" मी ऐकलं नाही. डब्यातलं तुम्ही निम्मं कुत्र्याला घालता आणि स्वतःचं रांधून खाता हे कळलं, तेव्हा मी शेगडी आणि सिलिंडर उचलून महाडला आणला. चूल तर आधीच काढून टाकली होती. म्हातारपणी भडका उडेल, असं कारण सांगितलं. तुम्ही जीपपर्यंत आलात, सिलिंडरवर हात ठेवून म्हणालात, "चायपुरता तरी ठेव रे." मी म्हटलं, चहा शेजारून येईल. आठ महिन्यांनी तुम्ही गेलात. डॉक्टरांनी वय सांगितलं. शेवटी तुमचा सदरा खांद्यावरून घसरत होता, ते मी रोज आठवतो. आयतं जेवण मिळत असूनही हातचं काम काढून घेतलं की माणूस लवकर संपतो का, हे मी कोणाला विचारू?

आज दुसरं पीठ आणलं, चिमटीत चोळून. दारात उभं राहून एकदाच बघितलेलं सगळं हाताला आठवत होतं. पहिली भाकरी बिघडली, दुसरी जरा जमली, तिसरी फुगली. तुमच्या सुनेने दीड भाकरी खाल्ली, चटणीबरोबर, आणि ती पोटात राहिली. पोरगी बघतच राहिली. "बाबा, तुम्हाला येतं? कोणी शिकवलं?"

इथे आम्हाला ओळखणारं एक माणूस नाही. काकीही जाऊन वर्षं झाली. समोर माझीच मुलगी होती, तिला खरं ऐकून आनंदच झाला असता. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि तिलाही मी ते दाखवणार नाही. कारण मी तिला म्हटलं, तुझ्या आजीने.