प्लेअरमधले मावशीचे धवले

१६ ऑक्टो. २००७, मंगळ
गाण्यांचा प्लेअर बिघडवला. 'बिघडला' लिहिणार होते, पण इथं तरी खरं लिहावं.
ओपीडी संपल्यावर लॅबवाल्या पाटोळ्यांच्या कॉम्प्युटरवरून त्यात नवीन सॉफ्टवेअर टाकलं. कारण काय, तर पडद्यावर मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. दीड वर्ष चौकोनच दिसत होते, काही अडलं नव्हतं. पण मला 'मावशीचे धवले' असं वाचायचं होतं. मधे इंग्रजीत लांबलचक सूचना आली, आतलं सगळं आधी दुसरीकडे उतरवून ठेवा वगैरे. न वाचता ओके दाबलं. औषधाच्या खिडकीतून रोज ओरडत असते, बाटलीवरचं वाचून घ्या म्हणून.
आता कंपनीचं चिन्ह येतं आणि तिथंच बसतं. पुढे नाही, मागे नाही.

१७ ऑक्टो.
मागच्या बाजूला बारीक भोक आहे. त्यात इंजेक्शनची सुई घालून पाच सेकंद दाबलं. चालू झाला! मराठी अक्षरं दिसतात, अगदी सुरेख. 'मावशीचे धवले' ठसठशीत. आत गेलं की 'फाइल नाही'.
पण जागा भरलेली दाखवतो. म्हणजे आहेत आतच कुठंतरी. दार सापडत नाही, एवढंच.
तारीख ०१-०१-२००० झालीय. बदलली तरी सेल काढला की परत तीच.

१८ ऑक्टो.
कामात लक्ष नाही. लोहाच्या गोळ्यांच्या जागी कॅल्शियम देत होते, बाईनंच सांगितलं, म्याडम, ह्या त्या नव्हं.
चार धवले होते, लग्नात विधीगणिक म्हणायची गाणी. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात रंजनाच्या लग्नात घेतलेले. रंजना म्हणजे मावशीची नात. मावशी धवलारीण, आटगावच्या आसपासच्या गावांत तिच्या धवल्याशिवाय हळद लागत नसे. हळदीचा सगळ्यात लांब, सत्तावीस मिनिटं. मधे कुकरची शिट्टी आहे, कोणाचं तरी पोर रडतंय, आणि मावशीचा आवाज सगळ्यांच्या वरून चाललाय. त्यानंतर सहा महिन्यांत ती विसरायला लागली. आधी चुलीवरचं दूध, मग वार, मग माणसं.

२१ ऑक्टो., रवि. दसरा
मावशीकडे. मुरबाडहून शहापूर एसटी, पुढे टमटम, मग चालत. हात रिकामा, प्लेअर नाही. इतक्या रविवारांत पहिल्यांदा.
एरवी काय असतं, तर ओटीवर बसायचं, इअरफोनची एक बोंडी तिच्या कानात, एक माझ्या. पहिला धवला ती नुसती ऐकते. दुसऱ्याला ओठ हलतात. हळदीचा लागला की माझा हात धरून म्हणते, "तू आमच्या आक्काची ना गो?" आक्का म्हणजे माझी आई. झालं. एवढ्या एका वाक्यासाठी मी दोन गाड्या बदलून जाते.
आज तिनं मला पोलिओच्या डोसवाली समजून बसायला पाट दिला. वहिनीला (तिच्या सुनेला) विचारलं, पोरांना पाजून झालं काय. घरात पोर एक नाही.
मी हळूच पहिली ओळ म्हणून बघितली. वहिनीनं आतून येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. "घरात लगीन नाय नि धवला कशाला तोंडात घेतंस?" मग प्लेअर कसा चालत होता, विचारलं. म्हणाली, यंत्राचं वेगळं, यंत्राला काय कळतंय.
तिचा राग नाही. हा नियम मावशीचाच. लग्नाशिवाय तिनं कधी एक ओळ कोणाला म्हणून दाखवली नाही. रेडिओवाले आले होते एकदा, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

२३ ऑक्टो.
औषधासारखं करायचं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम बघायचा, लिहायचं.
नवा सेल: फरक नाही.
दुसरी वायर: फरक नाही.
पुन्हा सुई: फरक नाही, तारीख तेवढी परत ०१-०१-२०००.
क्लार्कच्या कॉम्प्युटरवर: चार फायली दिसल्या! तीन भरलेल्या, एक शून्य. शून्य आहे ती हळदीची. बाकी तीन उघडत नाहीत, 'ओळखता येत नाही' म्हणतात.
निदान झालं म्हणायचं. पाटोळे म्हणतात, "फॉरमॅट मारा मॅडम, नव्यासारखा होईल." ताप उतरत नाही म्हणून पेशंटच बदलायचा, असलं हे औषध. तसं म्हटलंही त्यांना. हसले बिचारे.

२७ ऑक्टो., शनि
शहापूरला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे. माणूस बरा निघाला. जुनं सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग स्वतःच्या पद्धतीनं लिहीत असे, नव्याला ती पद्धत येत नाही, असं समजावलं. मग तोच मंत्र, फॉरमॅट. म्हणाला, गाण्यांची काळजी नको ताई, दोनशे भरून देतो, कुठली हवी ती. म्हटलं, माझ्या मावशीची आहेत. मग त्यानं प्लेअर रुमालानं पुसून परत दिला.

४ नोव्हें., रवि
आज लबाडी केली. बंद प्लेअर नेला, बोंडी तिच्या कानात घातली, दुसरी माझ्या. वाटलं, नुसत्या सवयीनं ओठ हलतील.
बराच वेळ ऐकत बसली. मग काढून माझ्या हातात ठेवली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "आवाज नाय, बाय."
येताना रस्ताभर स्वतःला शिव्या दिल्या.

९ नोव्हें., लक्ष्मीपूजन
क्वार्टर्स रिकामी. सिस्टर गावी, डॉक्टर ठाण्याला. स्टोअरची चावी माझ्याकडे, म्हणून मी. दरवर्षी मीच असते, कारण 'तुम्हाला काय, घरी कोण वाट बघतंय' असं कोणी म्हणत नसलं तरी रजेचा तक्ता तेच म्हणतो. दोन पणत्या लावल्या. फराळाचं तीन घरांतून आलं, खायला मी एक.
संध्याकाळी पायरीवर बसले आणि सवयीनं एक बोंडी कानात घातली. दुसरी लोंबत राहिली. फार एकटं वाटलं. एरवी वाटतं तसं नाही. फार.
पडद्यावर ०१-०१-२०००. त्या वर्षी शेवटचं स्थळ आलं होतं, किन्हवलीचं. बोलणी सुपारीपर्यंत गेली होती. मावशीनं तेव्हाच जाहीर केलं होतं, हिच्या हळदीला दुसरी धवलारीण बसू देणार नाय, आवाज बसला तरी मीच. मग त्यांनी कळवलं की मुलाचा विचार बदलला. पुढच्या वर्षी बाबा गेले. त्यानंतर कोणी बघितलंच नाही. लोकांना वाटतं मी नको म्हटलं. मी नको म्हटलं नव्हतं.

१४ नोव्हें.
पाटोळे कुठूनतरी जुनं सॉफ्टवेअर घेऊन आले, चकल्यांच्या डब्यासकट. सूचना दोघांनी मिळून दोनदा वाचली. टाकलं. प्लेअर म्हणतो, मागची आवृत्ती घेत नाही. कंपनीला मेल केला होता, त्याचं उत्तर आलं: आभारी आहोत, फॉरमॅट करा.
पाटोळ्यांनी आज पहिल्यांदा विचारलं, आहे तरी काय एवढं त्यात. सांगितलं. म्हणाले, मावशी आहेत ना, मग परत म्हणवून घ्या. म्हटलं, घरात लग्न नाही. ते सांगलीकडचे, त्यांना काही उमगलं नाही. मान हलवून रजेचा अर्ज लिहायला बसले. २४ ला अर्धा दिवस, कारण: घरी तुळशीचं लग्न.
तो अर्ज मी हातात घेऊन बसले ते बसलेच.

१८ नोव्हें., रवि
वहिनी भात वाऱ्यावर देत होती. सरळ विचारलं, तुळशीचं लगीन हे लगीन की नाही?
सूप खाली ठेवून विचार केला तिनं. मंगलाष्टका म्हणतो, अंतरपाट धरतो, म्हणजे लगीनच, म्हणाली. मग धवला चालेल? यावर आणखी विचार. शेवटी म्हणाली, "चालंल. पन मग तुळशीला हलद लावाया लागंल. हलदीबिगर धवला नाय."
हळद मी आणते म्हटलं. इतकी घाई केली की ती हसायला लागली.
मावशी आज मला ओळखण्याच्या जवळपासही नव्हती. वर विचारलं, तुझ्या घरी कोन कोन हाय.

२१ नोव्हें.
रेकॉर्डिंगची तालीम. नव्या सॉफ्टवेअरनं ते बटण उचलून 'इतर'च्या आत, तिसऱ्या पानावर नेऊन टाकलंय. पाच वेळा सराव. लाल ठिपका आला की चालू. स्वतःचा आवाज ऐकला, चौकशी खिडकीसारखा.
हळदीचा धवला पाठ आहे, एवढ्या वेळा ऐकलाय. पण सुरुवात मला करावी लागणार. ती आपणहून आता काहीच सुरू करत नाही.

२४ नोव्हें., शनि. पौर्णिमा
इथंच लिहून काढते, मावशीच्या ओटीवर. ती आत निजलीय.
दिवे लागायच्या वेळी लग्न होतं. उसाचा मांडव, चिंचा, आवळे. शेजारच्या तिघी आल्या होत्या, ओळ उचलून धरायला. वहिनी वाटीत हळद कालवून वृंदावनापाशी बसली. मावशीला पाटावर बसवलं, तिच्या शेजारी मी. प्लेअर पदराखाली. लाल ठिपका बघितला. बहुतेक बघितला.
आवाज फाटका लागला, पण म्हटलं.
"हलदीच्या पाटावं कोन गो बसली, वृंदावनची तुळस गो बसली."
तिघींनी ओळ उचलली. मावशी बघत होती, आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. मी पुन्हा तेच म्हटलं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.
"नाव चुकलीस."
आणि स्वतः सुरू केलं. आवाज पूर्वीचा नाही, खालच्या पट्टीत, पण ताल पक्का.
"हलदीच्या पाटावं कोन गो बसली, नामाची मंदा गो बसली."
वहिनीचा हळदीचा हात तुळशीपाशी थांबला. तिघी ओळ उचलायची सोडून एकमेकींकडे बघायला लागल्या. मावशीनं चिडून पुन्हा म्हटलं, मला उचलून धरा की, अशा रागानं. तेव्हा त्यांनी उचललं. नामाची मंदा गो बसली.
नामा माझे बाबा. मंदा मी.
सगळा धवला म्हटला तिनं. तेल घालणारी, पाणी आणणारी, आईची, मामाची, सगळी कडवी, दर कडव्याला माझं नाव. मधेच वहिनीनं तुळशीच्या हळदीतलं एक बोट माझ्या पायाला लावलं. मी रडले. तिघींच्या समोर रडले, एकोणचाळिसाव्या वर्षी, आणि मला लाजही वाटली नाही.
संपल्यावर मावशी पाणी प्यायली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, तू कुठची?"

२६ नोव्हें., सोम
नवी फाइल आहे. शून्य नाही. एकोणीस मिनिटं. तारीख ०१-०१-२०००.
सूचना पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली, मगच फाइल तीन ठिकाणी उतरवून ठेवली. पाटोळ्यांचा कॉम्प्युटर, क्लार्कचा कॉम्प्युटर, एक सीडी. ऐकली मात्र नाही. पदराखाली होता, नुसता लुगड्याचा खरखराट असला तर? पाटोळे म्हणाले, लावून बघू. म्हटलं, ओपीडी आहे.
ते म्हणतात, कंपनीचं आणखी नवीन सॉफ्टवेअर आलंय, त्यात कदाचित जुन्या तीन उघडतील. टाकू का, विचारत होते. थांबा म्हटलं.
बोंडीला हळद लागलीय, पिवळा डाग. स्पिरिटनं जाईल. पुसलेला नाही.
रविवार येतोय. आवाज असला तर एक तिच्या कानात, एक माझ्या. पहिल्या कडव्याला नुसती ऐकेल, मग ओठ हलतील, मग माझा हात धरून विचारील, मंदाला कुठं दिली गो. तोवर काहीतरी उत्तर तयार पाहिजे.