अलीकडचा ब्रेक

क्वम ऐथिन, वेल्स
४ मार्च १९८८

चि. एमरिस यास ताईचे अ. आ.

पत्र आणि फोटो मिळाले. सत्तावन्नाव्या वर्षी कसली खेळण्यातली आगगाडी, म्हणून आधी हसले. पण आपल्या खाणीचं यार्ड नेटकं केलं आहेस. १९३४ साल धरलंस, म्हणजे सरकारी राखाडी रंग यायच्या आधीचं. कोळशाच्या वाघिणी तशाच तांबड्या होत्या, अक्षरं पांढरी. आत खरा कोळसा कुटून भरलास, तेही आवडलं.

एक चूक आहे. ७१४ नंबरच्या वाघिणीला तू दोन्ही बाजूंना ब्रेकचे दांडे लावलेस. तिला एकच होता, पलीकडे. बाबांचा जेवणाचा डबा मीच यार्डात न्यायची. ती उताराला लागली की ब्रेक लावायला बाबा दोन वाघिणींमधून वाकून पलीकडे जात. त्यातच चिरडले गेले. खाणवाल्यांनी चौकशीत सांगितलं की ब्रेक हाताशी होता, यानेच आळस केला. महिन्याभरात आपल्याला खाणीचं घर सोडायला लावलं.

अलीकडचा दांडा काढ.

तुझी,
ग्वेनलियन

डार्बी, ११ मार्च

ती. ताईस सा. न.

तू पाठवलेला ‘बारा ब्रिथ’ पाव पोचला. मनुके मोजून घातलेस वाटतं.

दांड्याचं म्हणशील तर खाणीच्या मूळ आराखड्याची नक्कल माझ्याकडे आहे. त्यात ७१४ला दोन्हीकडे ब्रेक आहेत. मे महिन्यात प्रदर्शन आहे आणि आमचे परीक्षक भिंग घेऊन येतात. ज्याला कागद नाही ते चूक. बहीण सांगते म्हटलं तर हसतील. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस, ताई.

रागावू नकोस. तुला बाबा आठवतात. मी तीन वर्षांचा होतो, मला त्यांचा चेहराही आठवत नाही. म्हणून तर ते साल धरलं.

लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

एमरिस

क्वम ऐथिन, १५ मार्च

चि. एमरिस,

हाच आराखडा चौकशीत टेबलावर होता. आईने विनवलं की यार्डात चला, वाघीण डोळ्यांनी बघा. साहेब म्हणाले की कागद पुरे आहे. त्यांना निदान त्याचा पगार होता. तुला काय मिळणार, कप?

ग्वेनलियन

डार्बी, २ मे

ती. ताईस सा. न.

प्रदर्शन चौदाला, शनिवारी. दांडा ठेवला आहे. नियम मी केलेले नाहीत. आलीस तर बरं वाटेल.

एमरिस

क्वम ऐथिन, १६ मे

चि. एमरिस,

शनिवारी मी आले होते. तू चहाच्या रांगेत होतास. तुझ्या यार्डासमोर पहिल्या क्रमांकाचं कार्ड होतं, ‘काळाशी तंतोतंत’. टाय लावलेल्या एका परीक्षकाने मला समजावलं की अशा वाघिणींना दोन्हीकडे ब्रेक असल्यामुळे माणसांना मध्ये शिरावं लागत नसे. मी मान डोलावली, दोरीवरून हात घातला आणि ७१४चा अलीकडचा दांडा नखाने मोडला.

त्याने मला दंडाला धरून दारापर्यंत नेलं. नाव विचारलं. तुझंच आडनाव ऐकून त्याने दंड सोडला.

दांडा या पाकिटात आहे. परत चिकटवलास तर मला लिहू नकोस. नाही चिकटवलास तर लोभाचं बघू.

ग्वेनलियन