बिनबंदाचं झबलं

११ नोव्हेंबर, मंगळवार

गंगूमावशींनी फ्रॉकचे बंद कापले! माझ्यासमोर, कात्री घेऊन. मी भाचीसाठी, सान्वीसाठी नेलेला फ्रॉक — पांढरं पॉपलिन, मागे बो बांधायचा, स्वतः बेतलेला, स्वतः शिवलेला. त्यांनी तो उलटा केला, शिवणीपासून दोन्ही बंद कापले, कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि म्हणाल्या, "आता घाल." भाजी निवडून दिल्यासारखं!

ऐश्वर्या दारातच उभी होती. तिने पाहिलं. सख्ख्या बहिणीने शिवलेला फ्रॉक सासूने असा कापला तरी एक शब्द नाही. आत गेली आणि नळ सोडला. मला खरं तर तिचाच जास्त राग आला. कोपरीहून डोंबिवलीला येईपर्यंत मनातल्या मनात मावशींना चांगलं सुनावलं. तोंडावर मात्र "येते हं मावशी" म्हणून आले. आपलं हे असंच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

राग उतरला. थोडा.

त्या घरात चार वर्षांपासून काहीतरी मोडलेलं आहे. पहिलं बाळ गेलं — शर्विल, दहा महिन्यांचा. दिवाळीत गावी गेले होते, राजापूरकडे. सकाळी आंघोळ घालून निजवला तो उठलाच नाही. झोपेत गेला, एवढंच सगळ्यांना माहीत. ऐश्वर्याला मावशींनी धड जवळही जाऊ दिलं नाही म्हणे. शालीत गुंडाळून स्वतःच घेऊन बसल्या, कुणाला हात लावू देईनात. तेव्हापासून सासू-सून एकमेकींशी कामापुरतं बोलतात. "दूध आलं." "गॅस संपत आलाय." ऐश्वर्याचा नवरा सुमित बिचारा दोघींच्या मध्ये टीव्ही लावून बसतो.

त्यानंतर सान्वी झाली. आता दीड वर्षाची. देवाने चांगली उचापती पाठवली आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज वागळे इस्टेटला साहेबांनी बोलावून घेतलं. नवीन काम. लहान मुलांना रात्री घालायचं झबलं — खाली पाय मोकळे नाहीत, पिशवीसारखं बंद, वर बाह्या नाहीत. पांघरूण लागत नाही, त्यामुळे ते तोंडावर येण्याची भीती नाही. आणि कठड्यावर टांग टाकता येत नाही, त्यामुळे मूल कॉटमधून बाहेर पडत नाही. परदेशात घालतात म्हणे. "आपल्या हवेला चालेल असं कर," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे त्र्यंबक साहेब. लहान मुलांच्या कपड्यांचा कारखाना त्यांचा, डोकं आमचं.

विनिफ्रेडला चित्र काढून दाखवलं. सॅम्पल शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. चष्मा वर करून म्हणाली, "गो बाय, हे तर पोतं! पोराला भरून बाजारात नेनार काय?"

आता सगळे त्याला पोतंच म्हणताहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

कोपरीला गेले तर सान्वी कॉटच्या कठड्यावर! एक पाय आत, एक बाहेर, आणि हसतेय. मावशी खाली दोन्ही हात पसरून उभ्या. मी उचलून घेतली तेव्हा कळलं, त्या किती वेळ तशाच उभ्या असणार. हात खाली घेऊन दंड चोळायला लागल्या.

कॉट काढून टाका म्हटलं तर सुमित म्हणतो, "खाली निजवली की गॅलरीत पळते. एकदा गिझरचा नळ सोडलेला तिने." म्हणजे कॉटमध्ये ठेवा तर पडेल, बाहेर काढा तर भाजेल. ऐश्वर्या दिवसभर बँकेत. मावशी दुपारी सान्वी झोपली की कॉटपाशी स्टूल घेऊन बसतात. स्वतः डोळा मिटत नाहीत. सहासष्ट वर्षांची बाई. अशी किती दिवस बसणार?

मला काम मिळालं ते बरंच झालं. साहेबांचं पोतं आधी सान्वीला होऊ दे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पहिलं सॅम्पल नापास. खाली घेर कमी पडला. सान्वी उभी राहायला गेली आणि तोंडावर आपटली. गादीवर, म्हणून वाचली.

घेर वाढवला तर टांग पोचते. कमी केला तर पडते. गुडघ्याच्या वर घट्ट आणि खाली मोकळं करून बघायला हवं. गळाही नीट हवा — मोठा झाला तर डोकं आत जाईल. आणि चेन! पुढे लावली तर बाईसाहेब दोन मिनिटांत उघडून बाहेर.

मावशींनी सॅम्पल हातात घेऊन प्रत्येक शिवण ओढून बघितली. गळ्यापाशी बोट घालून फिरवलं. कापडाचं लेबल लोंबत होतं, ते दातांनी तोडलं. मला वाटलं, आता नावं ठेवणार. "बंद नाय ना कुठे?" एवढंच विचारलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मलमलचे दोन थर, आत काही नाही. आपल्याकडे रात्री लाइट गेले तरी पोर घामाघूम होऊ नये. चेन खालून वर उघडणारी, पाठीच्या बाजूला. विनिफ्रेडने चेनच्या टोकाला कापडाची टोपी शिवली, टोचू नये म्हणून. मी सांगितलं नव्हतं. बाईच्या हाताला आपोआप कळतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांना सॅम्पल आवडलं. पण — साहेबांचा पण आल्याशिवाय कारखान्यात काही पुढे जात नाही — "ह्याला कुंची लाव. मागे पाठीवर सोडलेली, हनुवटीखाली बंद. आपल्या आज्यांना कुंची दिसली की हात आपोआप पुढे जातो. आजीच घेते मुलांचे कपडे, आई नाही."

खोटं नाही. बारशाला कुंची नसेल तर बायका चेहरा पाडतात. आमच्या आईने ऐश्वर्याच्या पोरांसाठी कुंच्या आधीच शिवून ठेवल्या होत्या, लग्न ठरायच्याही आधी. आई असती तर साहेबांना दोन नमुने आणखी काढून दिले असते.

लावली. काय बिघडतंय? सुंदर दिसतेय. मोतिया रंगाची, कडेला बारीक गोट.

२३ नोव्हेंबर, रविवार

घरी आल्या आल्या लिहितेय.

कुंचीवालं सॅम्पल घेऊन कोपरीला गेले. मावशी देवळात गेलेल्या. सान्वीला घातलं, बंद बांधला, गाठ मारली. काय गोड दिसत होती! कॉटमध्ये उभी केली, फोटो काढावा म्हणून फोन घेतला. ऐश्वर्याला हाक मारली. ती आली, पाहिलं, आणि भिंतीला हात टेकून तशीच उभी राहिली. मला वाटलं शर्विल आठवला. आठवणारच. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं.

मावशी आत आल्या. हातातली प्रसादाची वाटी खाली पडली. त्यांनी कॉटकडे धाव घेतली, सान्वीचा गळा एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने गाठ ओढायला लागल्या. सुटेना. दातांनी तोडली. दातांनी! सान्वी किंचाळून रडायला लागली. मी म्हटलं, "मावशी, अहो काय करता?" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पोरीचा गळा चोळत होत्या, तिच्या नाकापुढे हात धरून श्वास बघत होत्या. आणि ती तर मोठ्याने रडत होती!

ऐश्वर्या आत निघून गेली. दार लावून घेतलं.

मी माझं सामान गोळा केलं आणि निघाले. ह्या बाईला डॉक्टरकडे न्यायला हवं, असं सुमितला मेसेज करावा म्हणून फोन हातात घेतला. नाही केला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कामावर लक्ष नाही. साहेब विचारत होते, सॅम्पल कुठंय. म्हटलं, धुवायला टाकलंय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मावशींचा फोन. "दुपारी येशील? सान्वीला शेजारी ठेवते." अर्धी सुट्टी टाकली.

घरात बसल्या नाहीत. म्हणाल्या, बाहेर चल. कोपरीच्या देवळामागे कट्टा आहे तिथे बसलो. त्यांनी पदराने कट्टा पुसला, मला बसवलं आणि सरळ बोलायला सुरुवात केली. रडल्या नाहीत. मला जसं आठवतंय तसं लिहितेय.

"तुझ्यावर नाय ओरडायचं होतं मला. तू पोरीसाठीच करतेस. पण तुला म्हाईत नाय ते सांगते. कुणालाच म्हाईत नाय."

त्या दिवाळीत सकाळी गारवा होता. शर्विलला तेल लावून आंघोळ घातली, कुंची घातली. तो कुंची ओढून काढायचा, म्हणून बंद घट्ट बांधला, वर दुसरी गाठ. सुमितच्या लहानपणीची लाकडी कॉट, चार कोपऱ्यांच्या खांबांवर लाकडी बोंडं असलेली. त्यात निजवलं. ऐश्वर्या मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होती. मावशी आत गेल्या.

"उठून उभा ऱ्हायला असेल गो. कुंचीची मागची बाजू खांबाच्या बोंडात अडकली. आणि मग बसला. खाली बसला, आणि बंद वर." बोटाने हनुवटीखाली दाखवलं. "गाठ सुटना. दातांनी सोडवली. उशीर झालेला."

त्यांनी कुंची काढून पाणी तापवायच्या चुलीत टाकली. बाळाला गादीवर निजवलं, शाल हनुवटीपर्यंत घेतली, आणि मग हाक मारली. गळ्यावर वळ होता. म्हणून कुणाला शाल काढू दिली नाही. त्याच्या आईलाही नाही.

मी विचारलं, का? का नाही सांगितलं?

"गाठ तिने बांधलेली," मावशी म्हणाल्या. "बावीस-तेवीस वर्षांची पोर ती. तिला सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी विहिरीत दिसली असती. झोपेत गेला म्हटलं की देवाने नेला. देवावर रुसता येतं. माझ्यावर पण रुसू दे, मला चालतं."

मग माझा हात धरला. "तू पण नाय सांगायचं. शपथ नको, नुसतं 'नाय सांगणार' एवढं सांग."

सांगितलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पाच मिनिटं मशीनवर कापड धरून बसले आणि शिवलं काहीच नाही. विनिफ्रेडने चहा आणून ठेवला.

मी ह्या बाईला वेडी म्हणणार होते. चार वर्षं ती सुनेचा अबोला खातेय, रोज, जेवणासारखा. आणि माझी बहीण तिच्याकडे पाठ करून नळ सोडते. मला ऐश्वर्याला हलवून सांगावंसं वाटतं, अगं, तुला कुणी वाचवलंय ते बघ! पण ते सांगायचं म्हणजे उरलेलंही सांगायचं. म्हणजे मावशींनी जे टाळलं तेच मी करायचं. नाही होणार.

राग येतो, आणि कुणाचा ते कळत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

साहेबांना सांगितलं, कुंची नाही. बंद नाही, नाडी नाही, गोट नाही, लोंबणारं काहीही नाही. साहेब म्हणाले, "अगं रसिका, विकायचंय की नाही?" मी म्हटलं, बंद लावायचा असेल तर दुसरी कुणी बघा. माझा आवाज चढला होता. अख्ख्या हॉलमधली मशीनं थांबली. मग विनिफ्रेड आपल्या जागेवरून म्हणाली, "साहेब, मी पन नाय शिवनार." तिला काहीच माहीत नाही, तरी.

साहेब केबिनमध्ये गेले. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाले, "बरं. टोपी वेगळी विकू, दिवसाला. बिनबंदाची." माणूस वाईट नाही.

७ डिसेंबर, रविवार

शेवटचं सॅम्पल. गुडघ्यापाशी घट्ट, खाली घेर. सान्वी उभी राहिली, दोन पावलं चालली, कठड्याला धरलं, टांग उचलायचा प्रयत्न केला. पाय वर येईना. पुन्हा प्रयत्न. मग माझ्याकडे असं बघितलं की मीच गुन्हेगार! शेवटी कंटाळून आडवी झाली.

मावशींनी नेहमीसारखी सगळी शिवण तपासली. गळा, काखा, चेन. स्टूल ओढून बसल्या.

चहा करून बाहेर आले तर सान्वी झोपलेली. आणि मावशीही. बसल्या बसल्या, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, चक्क घोरत होत्या. मी चहा तसाच ठेवला. ऐश्वर्या दारात येऊन उभी राहिली. सासूकडे बराच वेळ बघत होती. मग आतून उशी आणली आणि त्यांच्या मानेखाली सरकवली, जाग येणार नाही अशी.

मला रडू आलं. गॅलरीत जाऊन रडून घेतलं.

१४ डिसेंबर, रविवार

ऐश्वर्या आली होती. एकटी. म्हणाली, "ताई, तुला आईंनी सांगितलंय ना?" मी उठून चहाचं आधण ठेवायला लागले. "सांगू नकोस. मला माहितीये. पडवीतून आत आले तेव्हा चुलीत कुंची जळत होती. डबल गाठ मी मारलेली. मी त्यांच्याशी बोलत नाही ते रागाने नाही गं, कुठल्या तोंडाने बोलू?"

मी म्हटलं, मग त्यांना एकदा सांगून टाक.

"नको. त्यांना वाटतं त्यांनी मला वाचवलं. तेवढ्यावरच त्या उभ्या आहेत. वाटू दे."