टेमकरांचा हार

६ नोव्हें., गुरु.

रुचाला हो म्हणून बसले.

ठाण्यातली गॅलरी, पहिला मजला. विनोदी सिनेमांना मानवंदना, असं प्रदर्शन. बाकीचे अकरा जण कॅनव्हास, पोस्टर, कोणी तारेची खुर्ची करतंय. जमिनीवरची मी एकटी. चार बाय सहा फुटांची रांगोळी, नऊ दिवस टिकवायची. रुचा माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची, पण गॅलरी तीच चालवते. "ताई, दिवाळीत तुमची डोंबिवलीची रांगोळी बघितलेली. तेव्हाच ठरवलेलं."

प्रसंग कुठला, याचा विचारही करावा लागला नाही. बाबांच्या आवडत्या सिनेमातला, तेराव्याचा. लोक आपल्यामागे काय बोलतात ते ऐकायला एक कारकून मेल्याचं सोंग घेतो. स्वतःच्याच हार घातलेल्या फोटोमागे लपतो. भूक लागते. मग फोटोमागून एक हात येतो आणि पुढ्यातल्या ताटातला लाडू उचलतो. बाबा तिथे दर वेळी हसता हसता खोकायला लागायचे. आई आधीच पाणी घेऊन उभी असायची.

कारकुनाचं काम मनोहर टेमकरांचं. सबंध सिनेमात दहा मिनिटं. पुढे कुठेच दिसले नाहीत. रुचाच्या फॉर्मवर 'कै. मनोहर टेमकर' असं लिहून दिलं.

९ नोव्हें., रवि.

हॉलमध्ये जुने पेपर पसरून हाराचा सराव. मोबाइलवर सिनेमा थांबवून बघितला तर मूळ हार अगदीच भिकार. फुलं चपटी, एका मापाची, रंग उडालेला. मी दुरुस्त केला. झेंडू माझ्या हाताला पाठ आहे. बाबांच्या फोटोचा हार गेली सहा वर्षं मीच बदलते. पाकळीच्या कडेला पिवळा, आत केशरी, देठाशी हिरवट.

हात मात्र सिनेमात धूसर दिसतो. मग नवऱ्याला सोफ्याआड बसवलं. लाडू नव्हता, लिंबू दिलं. दहा मिनिटांत संजयचा हात दुखायला लागला. नंतर हार बघून म्हणाला, "वास येईल असं वाटतंय." वर्षातून एकदा कौतुक होतं, म्हणून नोंद.

१४ नोव्हें., शुक्र.

दोन दिवस रजा. चित्रकलेच्या बाईंना कसली आलीये रजा, असा चेहरा करून मुख्याध्यापिकांनी दिली.

झाली. गुडघे गेले. दोन विटांवर फळी टाकून तिच्यावर पालथी पडून काम केलं, शिंक येऊ नये म्हणून तोंडाला फडकं. गॅलरीचे पाटीलमामा दारातून बघत होते. कळव्याकडचे, साठीचे, कमी बोलणारे.

"काय गो बाय, एवरा करून शेवटाला पुसाचाच ना?"

म्हटलं, हो मामा, पुसायचंच.

"मंग कऱ्याला करतस?"

कशाला करतेस, याचं उत्तर वीस वर्षांत सापडलेलं नाही. हार सगळ्यात छान उतरलाय. त्याच्याकडेच बघत बसले होते. उद्या काहीतरी बिनसणार, असं उगाच वाटतंय.

१५ नोव्हें., शनि.

बिनसलं. पण मला वाटलं होतं ते नाही. एसीच्या वाऱ्याने रंग उडेल म्हणून रुचाशी वाद झाला ("ताई, एसी बंद म्हणजे लोक पाच मिनिटांत पळतील"), तो मिटला. माणसं हसली. एक गृहस्थ तर त्या हातापाशी उभे राहून पुन्हा पुन्हा हसत होते. मी कोपऱ्यात हवेत.

साडेबाराला एक बाई आल्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या. पर्स पोटाशी धरून रांगोळीपाशी उभ्या. खूप वेळ. मग खाली लावलेलं कार्ड वाचलं आणि मला शोधत आल्या.

"तुम्ही काढलीत? छान आहे हो. चेहरा अगदी तसा." थोडं थांबून, "ते घरी आहेत. ठाकुर्लीला. मी मिसेस टेमकर."

काय बोलले आठवत नाही. "माफ करा" बहुतेक तीनदा.

"कार्डाचं काय, कार्ड बदलता येतं. हार तेवढा काढता येईल का?"

रांगोळीत खोडता येत नाही. हाराखाली कोट नाहीच, नुसता पांढरा थर आहे. हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. पुढच्या शनिवारी ह्यांना घेऊन येणार म्हणाल्या, त्यांनी वर्तमानपत्रात वाचलंय, ऐकतच नाहीत.

कार्ड मीच फाडलं. रुचा म्हणाली, होतं असं, चिल. जिवंत माणसाला हार घालून नऊ दिवस लोकांना दाखवायला ठेवलाय, आणि म्हणे चिल.

१६ नोव्हें., रवि.

संजयला सगळं सांगितलं. म्हणाला, "अगं सिनेमातच हार आहे ना? तू कुठे घातलास?"

बरोबर आहे. पण सिनेमा बघताना ते सोंग असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी 'कै.' लिहिलं होतं. मी तो हार मेलेल्या माणसाचा म्हणूनच काढला. बाबांचाच काढला, खरं तर.

आज बाबांचा हार बदलायचा दिवस होता. बदलला नाही. हात धजला नाही.

१८ नोव्हें., मंगळ.

शाळा सुटल्यावर कल्याणहून ठाकुर्लीला गेले. टेमकरकाकूंनी पत्ता दिला होता. दुसरा मजला, लिफ्ट नाही.

टेमकर खिडकीशी बसलेले. ऐंशी तरी असतील. दाढी केलेली, स्वेटर, धाप. हार आहे हे काकूंनी त्यांना सांगितलेलंच नाही. मीही सांगितलं नाही. भित्री मी.

"तेराव्याचा सीन ना? हात दिसतो का त्यात?" पहिला प्रश्न हा.

म्हटलं, दिसतो.

"मग ठीक. तोंड काय, तोंड सगळेच काढतात. फोटोत तर मी नुसता चिकटवलेला. काम केलं ते हाताने. नऊ टेक झाले. नऊ लाडू!"

"सात," आतून काकू.

"नऊ. हिला काय माहीत."

पुढे पोस्टात नोकरी लागली, साहेबांनी रजा दिली नाही, दुसरा सिनेमा सुटला. हे सांगताना तो हात वर केला, आणि मी बघितलं. करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली, लहानपणी मोडलेली. मी काढलीये संजयची सरळ करंगळी.

काकू सोडायला जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, शूटिंगच्या वेळी लग्नाला चार महिने झाले होते. खऱ्या फुलांचा हार घालणार असं कळलं तेव्हा रडून गोंधळ घातला. शेवटी ह्यांनीच दिग्दर्शकाला सांगितलं, बायको ऐकत नाही, फुलं कागदाची लावा. रात्री बसून काकूंनीच केली ती, पतंगाच्या कागदाची. "मला कुठे येत होती? चपटीच झाली."

आणि मी ती दुरुस्त केली होती.

१९ नोव्हें., बुध.

ठरलं. हार काढत नाही, कागदी करते. जशी फुलं काकूंनी केलेली तशी. आणि करंगळी. शनिवारच्या आत.

रुचा नाखूश. "ताई, लोक त्या हाराचे फोटो टाकतायत. खरा वाटतो म्हणून."

म्हटलं, तेच चुकलंय. मग तिला काकूंची गोष्ट सांगितली. सकाळी सातला मामांना दार उघडायला सांगते म्हणाली.

थरावर थर चढला की कड ढासळते. हार ढासळला तर लागूनच हनुवटी आहे. चेहरा गेला तर सगळंच गेलं.

२० नोव्हें., गुरु.

सात ते अकरा. शाळेत 'तब्येत बरी नाही' कळवलं.

चांगलं काढायची सवय लागलेल्या हाताला वाईट काढणं किती जड जातं! चिमूट आपोआप गोलाई देते. दोनदा फूल खऱ्यासारखंच झालं, पुन्हा दाबून चपटं केलं. पाकळ्यांवर कागदाच्या घड्या पाडल्या, मधोमध दोरा दाखवला. पाचव्या फुलाशी कड घसरली. श्वास धरून बसले. हनुवटीच्या केसभर अलीकडे थांबली. मामा दारात होते, तेही श्वास धरून.

करंगळी दहा मिनिटांत झाली. वाकडी करायची म्हटल्यावर हात एकदम हात वाटायला लागला. आधीचा नुसता काढलेला होता.

दुपारी एक बाई मैत्रिणीला सांगत होत्या, "चेहरा बघ कसला जमलाय, हार मात्र गंडलाय." इतकं बरं वाटलं! काकूंना फोटो पाठवला. उत्तर आलं, "अगदी तशीच झाली आहेत. वाईट."

२१ नोव्हें., शुक्र.

काकूंचा फोन, दुपारी, मधल्या सुट्टीत. काल संध्याकाळपासून धाप वाढली. डोंबिवलीतच हॉस्पिटलात ठेवलंय. ऑक्सिजन. उद्याचं जमणार नाही.

"तुम्ही जिवाला लावून घेऊ नका," हेही त्याच म्हणाल्या. म्हणजे त्यांच्याही मनात आलं.

पाचवी ब ला 'माझा आवडता पक्षी' सांगून खिडकीत उभी राहिले. माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. नाहीच. पण शनिवार ते गुरुवार पाच दिवस खरा हार होता त्यांच्या गळ्यात. मोजले.

२२ नोव्हें., शनि.

संजय म्हणाला, "हाराने कोणी मरत नाही."

"मला माहितेय."

"मग?"

मग काही नाही. कळतं पण वळत नाही, असं आई म्हणायची, ते हे.

गॅलरीत गर्दी. सगळे हसतायत. मला त्यांचं हसणं सहन होईना, बाहेर समोरच्या तळ्याच्या कठड्यावर जाऊन बसले. हसवायला काढलेली गोष्ट आणि हसणाऱ्यांचाच राग. काकूंना दोनदा फोन. तसंच आहे म्हणाल्या. झोपेत हात हलवतात.

२३ नोव्हें., रवि.

शेवटचा दिवस. सकाळी काकू: बरं आहे, ऑक्सिजन काढला, जेवण मागितलं. उद्या सोडतील कदाचित. आणि हट्ट धरून बसलेत, हॉस्पिटलातून थेट ठाण्याला, मगच घर. "डॉक्टरांनी नाही म्हटलं तर मी नाही आणणार हं. आधीच सांगते."

रुचाच्या पाया पडायची तयारी होती, पडावं लागलं नाही. पुढच्या प्रदर्शनाचा टेम्पो सोमवारी अकराला येतोय. अकरापर्यंत जागा माझी. त्यापुढे तिच्या हातात नाही.

बाकीच्यांनी आपापली चित्रं भिंतीवरून काढून गुंडाळून नेली. माझं गुंडाळता येत नाही. मामांना म्हटलं, उद्या मला यायला उशीर झाला तर तुम्ही आवरा.

"मी? जित्या मानसाचे तोंडावर झाडू नाय मारनार मी. तूच ये, तुझे हातानं पूस."

२४ नोव्हें., सोम.

८.१०. गॅलरीत पोचले. काकू: "डॉक्टर राउंडला आले की सांगते." आवाज नीट होता. की नव्हता?

९.३०. काही नाही. नुसतं बसवेना. कडेपासून पुसायला घेतलं, ओल्या फडक्याने नाही, हाताने. भिंत पुसली. टेबल. समया. तेराव्याला जमलेले पाहुणे. मामांनी रंग भरायला कागदी पिशवी दिली, नदीत सोडू म्हणाले.

१०.१५. फोन वाजतो, उचलत नाहीत. वाटेत शीळफाट्याच्या ट्रॅफिकला अडकले असतील, गोंगाटात ऐकू येत नसेल. किंवा. 'किंवा'च्या पुढचं लिहीत नाही.

१०.४०. खाली टेम्पो आला. वीस मिनिटं लवकर येतात आणि वर हॉर्न वाजवतात. मामा आपणहून त्यांना चहाला घेऊन गेले.

१०.५०. हार पुसला. सकाळपासून तेवढ्याचीच भीती होती, पण एकेक फूल करत सहज निघाला. चेहऱ्याला धक्का लागला नाही. आता पांढऱ्या फरशीवर एक माणूस, शेजारी एक ताट, आणि वाकड्या करंगळीचा एक हात लाडवाकडे निघालेला. हार नाही, तेरावं नाही. विनोदही राहिला नाही म्हणा. भूक लागलेला माणूस आहे नुसता.

काकूंनी पहिल्या दिवशी हेच मागितलं होतं.

११.०५. फळीवर बसून लिहितेय. पुन्हा फोन केला. वाजतोय. मामा वर आले, घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, टेम्पोवाल्यांना आनखी एकेक चहा सांगितलाय. झाडू त्यांनी दाराआड नेऊन ठेवला.

मला फार भीती वाटतेय. लाडवाकडे निघालेला तो हात पुसलेला नाही.